गाणाऱ्याच्या कानी काय पडावे?

ज्युबिलीच्या स्मरणिकेत ख्रिस्तमंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली आणि कोणकोणत्या धर्मगुरूंनी या धर्मग्रामाची सेवा केली, हे लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु दर रविवारी ज्या सुरांनी हे मंदिर भरून जाते, त्या सुरांचाही एक इतिहास असतो. तो बहुधा लिहावयाचा राहून जातो. त्यातील एक लहानसे प्रकरण आम्ही येथे मांडीत आहोत. गाणाऱ्याचा आवाज लोकांपर्यंत कसा पोहोचला, याविषयी पुष्कळ बोलले जाते. गाणाऱ्याच्या स्वतःच्या कानी काय पडते, याचा विचार मात्र थोडेच करतात. यंदा आपल्या गायकवृंदाने बिनतारी यंत्र कानात घालून गाण्याची व्यवस्था केली, आणि हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन उभा राहिला.

संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिची कथा आपणांस ठाऊक आहे. तिच्या विवाहप्रसंगी वाद्यांचा गजर चालू असता ती अंतःकरणात देवाचे गीत गात होती, असे परंपरा सांगते. तिच्याच सणाच्या दिवशी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पोप दहावे पायस यांनी उपासनेतील संगीताविषयी आपला प्रसिद्ध आदेश काढला. ग्रेगोरियन गायन त्यांनी आदर्श ठरविले, ऑर्गनला जागा ठेविली आणि पियानो व ढोल यांसारख्या वाद्यांस मंदिरात मज्जाव केला. त्या काळचे गायक यंत्रावाचून गात. दगडी भिंतींवरून परतणारा नाद आणि शेजाऱ्याचा श्वास, एवढ्यावर त्यांचा सूर व ताल सांभाळला जाई.

पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीची आपली घटना प्रसिद्ध केली. तिच्यात संगीतासंबंधी दोन गोष्टी आपल्यासाठी विशेष मोलाच्या आहेत. पहिली ही की, गायन हे केवळ गायकवृंदाचे काम नसून जमलेल्या सर्व भाविकांनी त्यात भाग घ्यावा. दुसरी ही की, मिशनप्रांतांतील लोकांची स्वतःची जी संगीतपरंपरा असेल, तिला योग्य तो मान मिळावा. या दोन गोष्टी ध्यानात ठेवून आता आपण आपल्या मुलखाकडे वळू.

आपला हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील वनप्रदेशास लोक पूर्वापार याच नावाने ओळखतात. गडचिरोली हा तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. धर्मकार्याच्या दृष्टीने पाहता, १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. १९६२ साली चांद्याचा विभाग वेगळा करून कार्मेलाइट ऑफ मेरी इमॅक्युलेट संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आला. आणि २६ फेब्रुवारी १९७७ रोजी तो सिरो-मलबार परंपरेचा पूर्ण धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य ठिकाण बल्लारपूर. केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी व भगिनींनी येथील भाषा आपलीशी केली. आणि येथील मुले जेव्हा मंदिरात गाऊ लागली, तेव्हा त्यांच्या गळ्यात झाडीचा सूर आधीपासूनच होता.

तो सूर कोठून आला, हे सांगावयास नको. धानाची कापणी उरकली आणि दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत रंगते. आणि तेथपासून होळीपर्यंत नाटकांच्या रात्री चालतात. देसाईगंज, ज्यास आपण वडसा म्हणतो, ते या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे. पडदा रात्री उघडतो आणि पहाटेच पडतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीस आपलाच सत्कार झाल्यासारखे वाटले.

या रंगभूमीवर गाणे अद्याप प्रत्यक्ष गायिले जाते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने मराठी संगीत नाटकास जे रूप दिले, त्यातील साथीची रीत झाडीपट्टीने जतन केली आहे. वादक रंगमंचासमोर बसतात आणि नट त्यांच्याकडे कान लावून सूर धरतो. ध्वनिवर्धक नव्हते, तेव्हा हे सोपे होते, कारण नट, वादक आणि प्रेक्षक तिघेही एकच नाद ऐकत. गर्दी हसली की नट थांबे. गर्दीने पुन्हा म्हणावयास सांगितले की पद पुन्हा सुरू होई.

ध्वनिवर्धकाने ही घडी मोडली. २४ डिसेंबर १९१५ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येस, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगरभवनापुढे जमलेल्या प्रचंड समुदायास मॅग्नाव्हॉक्सच्या ध्वनिवर्धकातून संगीत ऐकविण्यात आले. सार्वजनिक ध्वनियंत्रणेच्या इतिहासातील हा ठळक प्रसंग होय. कालांतराने झाडीपट्टीतही रंगमंचावर माईक लोंबू लागले. आवाज दूरवर जाऊ लागला खरा, परंतु कर्ण्यांची तोंडे लोकांकडे असल्याने गाणाऱ्याच्या वाट्यास केवळ गोंगाट आला. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले की, भोवतालचा गोंगाट वाढला की मनुष्य नकळत आवाज चढवितो. गायकाचे तेच झाले. स्वतःचा सूर ऐकू येईना म्हणून तो ओरडू लागला, आणि ओरडल्याने त्याचा सूर आणखी बिघडला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे मैदानात बीटल्स मंडळी पन्नास हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे गायिली. त्या कल्लोळात त्यांस स्वतःचेच गाणे नीट ऐकू येत नव्हते. जगप्रसिद्ध गायकांची ही दशा, तर आमच्या मुलांस काय दोष द्यावा?

यावर पहिला उपाय निघाला तो गायकाच्या पायाशी तिरका कर्णा ठेवण्याचा, ज्यास मॉनिटर म्हणतात. परंतु त्या कर्ण्यातील आवाज पुन्हा माईकमध्ये शिरे, आणि ती कर्कश शिट्टी उठे, जी प्रत्येक सणाच्या मिस्सेत आपण एकदा तरी ऐकली आहे. दुसरा उपाय बिनतारी विद्येने दिला. या विद्येशी आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध जुना आहे. ब्राझीलमधील कॅथलिक धर्मगुरू रॉबेर्तो लांदेल द मौरा यांनी १९०० साली साओ पाउलो येथे मनुष्याचा आवाज तारेवाचून दूर पोहोचवून दाखविला. आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप अकरावे पायस यांचा आवाज प्रथमच जगभर ऐकू गेला. तीच बिनतारी लहर ऐंशीच्या दशकात पाश्चात्य गायकांच्या कानात उतरली. १९९५ साली जेरी हार्वी या ध्वनितज्ज्ञाने अॅलेक्स व्हॅन हेलन या तालवादकासाठी कानाच्या मापाची श्रवणिका बनविली, आणि तेव्हापासून ही पद्धत विशेष फैलावली.

तिची रचना अशी. प्रत्येक माईकचा व वाद्याचा आवाज मिक्सरमध्ये येतो. तेथे लोकांसाठी एक मिश्रण होते आणि गायकांसाठी दुसरे, निराळे मिश्रण होते. हे दुसरे मिश्रण प्रेषकाकडे जाते, प्रेषक ते लहरींवर सोडतो, गायकाच्या कमरेची लहानशी डबी ते पकडते आणि तारेने कानातील श्रवणिकेस देते. एकाच प्रेषकाचे मिश्रण अनेक डब्या ऐकू शकतात. म्हणून आपल्यासारख्या साध्या धर्मग्रामास एका प्रेषकावर काम भागविता येते, मात्र मग सर्वांस एकच मिश्रण ऐकावे लागते. प्रेषकाची अँटेना गायकांस सरळ दिसेल अशी उंच ठेवावी. बिनतारी माईक आणि श्रवणिका यांच्या लहरी एकमेकींपासून पुरेशा दूर निवडाव्या, नाहीतर दोन लहरींच्या संकरातून तिसरीच उपजते आणि गाण्यात खरखर शिरते. कोणत्या लहरी परवान्यावाचून वापरता येतात, हे सरकारी नियमांवरून पाहून घ्यावे. २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला आहे, पण वायफायची गर्दीही तेथेच असते. मोबाईलबरोबर वापरावयाच्या ब्लूटूथ श्रवणिका येथे उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांत आवाज इतक्या उशिरा पोहोचतो की ताल तुटतो. आणि कान ही देवाची देणगी आहे, हे विसरू नये. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपलीकडे ऐकू नये, आणि दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी धरावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास उरतो.

हे सर्व आम्ही यथासांग केले. वडशाच्या नाटकमंडळीत ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या एका गृहस्थाने मोठ्या आपुलकीने मदत केली. पहिल्या रविवारी शिट्टी नाही, ओरडणे नाही, प्रत्येक सूर स्वच्छ. आम्ही मनात फुशारलो. मिस्सा संपल्यावर पहिल्या बाकावरील एक वृद्ध आजी गायकवृंदाच्या प्रमुखापाशी आली आणि म्हणाली, "बापू, गानं तं बेस झालं गा, पन आमाले मांगं सोडून तुमी पुढं निंगून गेले."

आम्ही चपापलो. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. पूर्वी लोक मागे पडले की गायकांस ते ऐकू येई आणि ते थांबत. मंदिर तीस मीटर लांब असेल, तर शेवटच्या बाकावरील आवाज पुढे यावयास सेकंदाचा सुमारे अकरावा हिस्सा लागतो. त्यातच म्हातारी माणसे आणि लहान मुले सावकाश गातात. त्यांस सांभाळून नेणे हेच गायकवृंदाचे काम. आता कान बंद झाले, आणि त्या बंद कानांत आमचाच आवाज घुमू लागला. लोकांनी गावे म्हणून महासभेने जी कवाडे उघडली, ती आम्ही दोन लहानशा बोळ्यांनी लावून घेतली.

कोणी सुचविले की एक कान उघडा ठेवावा. त्या गृहस्थाने तसे करू दिले नाही, कारण मग मनुष्य दुसऱ्या कानातील आवाज वाढवितो आणि तो कान दुखावतो. त्याने उपाय सांगितला तो असा: "लोकांकडे तोंड करून दोन माईक लावा, आणि त्यांचा आवाज कर्ण्यांत न देता फक्त गाणाऱ्यांच्या कानी द्या. आम्ही नाटकवाले पब्लिक ऐकू आल्याबिगर उभे राहू शकत नाही." तसे केले. दुसऱ्या रविवारी गायकांच्या कानात प्रथम बाकांची कुरकुर आली, मग एका मुलाचे रडणे, आणि मग साऱ्या मंडळीचे गाणे. गायकवृंदातील मुलींचे डोळे भरून आले, कारण आपल्यामागे इतके लोक गातात हे त्यांस त्या दिवशी प्रथमच इतके स्पष्ट ऐकू आले. आजी त्या दिवशी काही बोलली नाही. ती गात होती.

असो. ज्या पिढ्यांनी हे ख्रिस्तमंदिर उभारले, त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, पण एकमेकांचे ऐकण्याची त्यांस सवय होती. आपल्यापाशी यंत्र आहे. ती सवय मात्र प्रत्येक पिढीस नव्याने लावून घ्यावी लागते. हा नियम केवळ गायकांसाठी नाही. धर्मग्रामाच्या सभेत, कुटुंबात, शेजाऱ्याशी व्यवहारात, आपलाच आवाज आपल्या कानी गोड लागतो, आणि मागे राहिलेल्यांचा ऐकू येत नाही. या ज्युबिलीच्या वर्षी त्या दोन माईकांप्रमाणे आपलेही कान लोकांकडे वळोत, आणि संत सेसिलियेच्या मध्यस्थीने आपण सर्वांनी एकत्र गायिलेले गीत परमेश्वराच्या चरणी रुजू होवो. आमेन.