उगमापाशी एक दिवस

नदीचे दर्शन दोन ठिकाणी घ्यावे असे म्हणतात. एक समुद्राजवळ, जिथे पैलतीर दिसत नाही. आणि दुसरे उगमापाशी, जिथे ती ओंजळीत मावते. राजमहेंद्रीची गोदावरी पाहिलेला माणूस ब्रह्मगिरीवर चढून गेला, की त्याला हेच का ते पाणी, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. फुटबॉलचेही तसेच आहे. लाखांच्या गर्दीची मैदाने सर्वांना ठाऊक आहेत. पण या खेळाचे उगमकुंड पाहायचे असेल, तर इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरी जाऊन एक शनिवार खर्ची घालावा लागतो.

शेफील्ड हे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते ते चाकूंमुळे आणि वस्तऱ्यांमुळे. पोलादाचे शहर ते! त्याच्या पश्चिमेला चढण चढत गेले की सँडीगेट नावाचा रस्ता लागतो आणि त्या रस्त्यालगत हॅलम क्लबचे मैदान आहे. येथे पहिला सामना झाला तो २६ डिसेंबर १८६० रोजी. आणि जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद आहे. पण एवढ्या मानाचे हे मैदान दिसायला किती साधे! बसायला लहानसा मांडव, कडेने कठडा, शेजारी क्रिकेटची हिरवळ. आणि जमीन? तीही सपाट नाही, चांगली उतरती आहे. इथे खेळणारा संघ मोठ्या व्यावसायिक साखळी स्पर्धांच्या कितीतरी पायऱ्या खालचा. त्यामुळे प्रेक्षक कठड्याला रेलून उभे राहतात आणि खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका त्यांना स्पष्ट ऐकू येतात.

मग या जागेचे एवढे महत्त्व कशासाठी? त्याचे उत्तर शोधायला तीन वर्षे मागे जायला हवे.

१८५७ साली नथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघा तरुणांनी शेफील्ड फुटबॉल क्लब काढला. आज हाच जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. पुढच्या वर्षी त्यांनी नियमही लिहून काढले. क्लब झाला, नियम झाले, चेंडू आला. पण खेळायचे कोणाशी? आसपास दुसरा क्लबच नव्हता! तेव्हा ही मंडळी आपसातच दोन तट पाडीत. कधी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, कधी आडनावाच्या आद्याक्षरावरून अर्धे इकडे अर्धे तिकडे. आपल्याकडे चाळीच्या सहलीत असेच सामने होतात. त्यांत मजा असते, पण हार कोणाला झोंबत नाही. संध्याकाळी सगळे एकाच पंगतीला बसतात.

१८६० साली हॅलमकरांनी आपला फुटबॉल क्लब उभा केला आणि हे चित्र पालटले. त्यांचा क्रिकेट क्लब १८०४ पासूनचा, म्हणजे चेंडूफळीचा नाद जुनाच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शहरवाले टेकडी चढून आले. जमिनीवर बर्फ पडलेले, पाहुणे लाल-पांढऱ्या पोशाखात, यजमान बहुतेक निळ्यात. सामना पाहुण्यांनी दोन गोलांनी जिंकला. दोन निराळ्या क्लबांमधला हा पहिलाच सामना समजला जातो. घरातल्या घरात चाललेल्या खेळाला त्या दिवशी शेजारी मिळाला.

शेजारी म्हटला की भांडणही आलेच. २९ डिसेंबर १८६२ रोजी हेच दोन संघ शेफील्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर समोरासमोर आले. सामना धर्मादाय होता, आणि त्याचे कारण वाचून मराठी वाचकाला नवल वाटेल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावून हजारो मजुरांची उपासमार चालली होती. त्यांच्या मदतीसाठी हा सामना होता. नेमक्या त्याच टंचाईने आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा सट्टा बोकाळला, आणि १८६५ साली युद्ध संपताच कित्येक पेढ्या बुडाल्या! एकाच दुष्काळाने मुंबईत दिवाळी केली आणि लँकेशायरात चुली विझवल्या.

असो. भुकेल्यांसाठी भरवलेल्या त्या सामन्यात मारामारी झाली. झटापटीत हॅलमच्या वॉटरफॉल नावाच्या खेळाडूला मेजर क्रेसविकचा चुकून फटका बसला. त्याबरोबर गड्याने बंडी काढून फेकली आणि मेजरवर मुठी चालवल्या. मेजरने हात उगारला नाही. वॉटरफॉलला शिक्षा काय झाली? त्याला मागे गोल राखायला उभे केले! सामना बरोबरीत सुटला. गोल एकही झाला नाही.

ही हकीकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपसात खेळताना तंटा झाला तर वडीलधारा ‘जाऊ द्या रे’ म्हणतो आणि तो मिटतो. परक्याशी खेळताना दोघांना सारखा बांधणारा नियम लागतो. शेफील्डच्या नियमांची खरी परीक्षा अशा सामन्यांत झाली आणि वर्षानुवर्षे त्यांत भर पडत गेली. धसमुसळेपणाबद्दल मिळणारी फ्री किक, कोपऱ्यावरून मारायची कॉर्नर किक, गोलाच्या खांबांवरची आडवी दांडी, या गोष्टी शेफील्डकडच्या खेळात रुळलेल्या होत्या. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८७२ साली कॉर्नर किक उचलली, आणि १८७७ मध्ये दोन्हीकडचे नियम एक झाले. आज कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ झुंजताना कॉर्नर मिळाला की जो गलका उठतो, त्याचे मूळ असे दूरवर पोचते.

हॅलमच्या वाट्याला आणखी एक मान आला. थॉमस यूडन नावाच्या नाटकगृहाच्या मालकाने एक चषक ठेवला आणि १८६७ च्या मार्चमध्ये तो हॅलमने जिंकला. फुटबॉलमधली ही पहिली चषक-स्पर्धा मानतात. आपल्याकडचा ड्युरँड चषक त्यानंतर एकवीस वर्षांनी, १८८८ साली सिमल्यात सुरू झाला.

पुढे काळ फिरला. १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. शहरात वेन्सडे आणि युनायटेड हे मोठे क्लब गाजू लागले, गर्दी तिकडे वळली, आणि हे दोन मूळपुरुष माजघरातल्या वृद्धांसारखे मागे राहिले. जुन्या घराण्यांवर येते ती वेळ त्यांच्यावरही आली. हॅलमचा चषक कुठेसा हरवला होता. तो १९९७ साली एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडला आणि क्लबने सोळाशे पौंड मोजून घरी आणला. शेफील्ड क्लबने मात्र २०११ साली, हस्तलिखित नियमांसह, आपले जुने दप्तर लिलावात काढले. त्याचे आठ लाख एक्याऐंशी हजार पौंडांवर आले. क्लब पुढे चालवायचा तर पैसा हवा होता. घर राखण्यासाठी आजीचे दागिने विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. पण ज्याच्यावर ती पाळी येते त्याला विचारावे. सर्वांत जुना क्लब १८५७ पासून जागा बदलत राहिला, आणि २००१ साली स्वतःची जागा मिळाली तीही शहराबाहेर, ड्रॉनफील्डला. हॅलम मात्र आपल्या उतारावर आहे.

हल्ली पुष्कळ घरांतले आईवडील मुलाबाळांना भेटायला इंग्लंडला जातात. राजवाडा आणि लंडनचा पूल पाहून परततात. त्यांनी नातवंडांचे बोट धरून एकदा सँडीगेटची चढण चढावी. नशीब असेल तर शेफील्ड आणि हॅलम यांचाच सामना पाहायला मिळेल. पाहुण्यांनी लाल घातलेले असेल, यजमानांनी निळे. पहिल्या भेटीला दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी यांच्यातली चुरस काही विझलेली नाही.