काळी, पांढरी आणि डोक्यावरची माती

शके 1827 चा वैशाख. अर्धापूर निजामाच्या राज्यात आहे, तुमच्या कमरेला हाली शिक्क्याचे रुपये आहेत आणि तुम्हाला घर बांधायचंय. उन्हं वर यायच्या आत तुम्ही गावाबाहेर स्वतःच्या रानाच्या कडेला येऊन उभे राहता. जागा ऐसपैस, गाडीवाट शेजारी, विहीर हाकेच्या अंतरावर. गवंडी टाचेनं एक ढेकूळ फोडतो आणि मान हलवतो.

"काय बघायलाव, मालक? ही काळी हाय. काळीत पीक घ्यावं, घर न्हाई. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. भिताड कुठवर दम धरंल?"

भेगेत तुमचा हात मनगटापर्यंत जातो. पाण्यानं फुगणारी आणि उन्हानं आकसणारी ही माती पायाला दर वर्षी वर उचलते आणि परत खाली बसवते. म्हणून गाव कधी काळीत बसत नाही. ते पांढरीवर बसतं. रान म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी, अशी अख्ख्या गावाची वाटणी दोन रंगांत झालेली. दिशा, दार, देवघर या गोष्टी नंतर येतात.

तुम्ही गावात येता, चुलत्यांच्या पडक्या जागेवर. तिथं जोशीबुवांनी हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा घ्यायला लावलाय. काढलेली माती त्याच खड्ड्यात परत भरायची. उरली तर जागा चांगली, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्यायची. मग दुसरी परीक्षा: खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं चालत जाऊन परत यायचं आणि पाणी किती उतरलं ते बघायचं. तुम्ही चालता. येताना पावलं जरा भरभर पडतात, ते कुणी बघत नाही.

या दोन्ही परीक्षा उज्जैनीच्या वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत नोंदवून ठेवल्यात, आणि त्यांत दैवी असं फारसं नाही. घट्ट बसलेली माती उकरली की मोकळी होते, जास्त जागा मागते, म्हणून उरते. मुळातच पोकळ असलेली माती भरताना दबते आणि कमी पडते. भेगाळलेली काळी तर शंभर पावलांत सगळं पाणी पिऊन मोकळी होते. त्याच ग्रंथात पुढं वारुळं आणि झाडं पाहून जमिनीखालचं पाणी कसं ओळखायचं याचं एक अख्खं प्रकरण आहे. तुमच्या गावचा पाणाड्या तो ग्रंथ वाचलेला नसला तरी वारूळ दिसलं की थांबतोच.

तुमचं पाणी थोडंच उतरलंय. जागा पास.

आता जोशीबुवा मध्यभागी खुंटी रोवतात आणि दोरीनं तिच्याभोवती वर्तुळ काढतात. सकाळी खुंटीच्या सावलीचं टोक पश्चिमेकडून वर्तुळाला शिवतं, तिथं एक खूण. दुपारी सावली इतकी आखडते की खुंटीच्या बुडाशीच बसते. अर्धापूरच्या डोक्यावरून सूर्य या दिवसांत जवळजवळ नेमका जातो. तिसऱ्या प्रहरी टोक पूर्वेकडून वर्तुळाबाहेर पडतं, दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली, होकायंत्र लागलं नाही.

मग हिशेब. तुमच्या मनात 20 हात लांब आणि 15 हात रुंद घर आहे. जोशीबुवा बोटांवर गुणतात: 300. आठांनी भागा, बाकी 4. "श्वान आय आला," ते म्हणतात आणि तुमचा चेहरा पडतो. आय आठ: ध्वज, धूम, सिंह, श्वान, वृष, खर, गज, ध्वांक्ष. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा शुभ. गवंडी शांतपणे एक हात वाढवतो. 21 गुणिले 15, 315, बाकी 3. सिंह! सगळे खुश. या गणितातली गंमत एवढीच की दोन्ही बाजू विषम असल्याशिवाय शुभ आय येऊच शकत नाही. गवंड्याला ते ठाऊक आहे. त्याला भागाकार करावा लागत नाही.

घराचा आराखडा तुम्हाला कुणी समजावत नाही, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. दार पूर्वेला. चूल आग्नेयेला: पावसाळ्यातला वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, पूर्वेच्या कोपऱ्यातला धूर घरात न फिरता बाहेर जातो. पाण्याचा रांजण ईशान्येला, तिसऱ्या प्रहरच्या उन्हापासून सगळ्यात लांब. जाड भिंती आणि धान्याचं बळद नैऋत्येला, म्हणजे जिकडून पाऊस झोडपतो आणि संध्याकाळचं ऊन भाजतं त्या बाजूला. इथवर वारा, पाणी आणि ऊन यांचा हिशेब सरळ आहे. दक्षिणेचं दार मात्र या हिशेबात बसत नाही. वैशाखात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीला त्याचा ताप नाही. थंडीत ती भिंत ऊब देते. तरी दक्षिणेला दार नको, कारण तिकडं यम आहे. तुम्ही कारण विचारत नाही. मीही तुमच्या जागी विचारलं नसतं.

घराचं झालं. भोवतालचं काय? गवंड्याबरोबर गावाला फेरी मारा. पूर्वेला, गावकुसाबाहेर, महारवाडा आहे, आणि मराठी मुलखातल्या बहुतेक गावांत तो याच अंगाला सापडेल. पश्चिमेचा वारा आधी तुमच्या अंगणातून जातो, मग त्यांच्या. उलटा येऊ नये अशी ही तजवीज. दिशा, वारा आणि पाणवठा यांचं जे ज्ञान तुमचा रांजण गार ठेवतं, तेच माणसांना उताराच्या बाजूला बसवतं. ज्या वडारांनी तुमच्या पायाचा दगड फोडला त्यांच्या पालाला तर कुठलीच दिशा विचारली जात नाही.

जेठात छत चढतं. सागाचे खांब, तुळया, त्यावर आडव्या कड्या, फळ्या, झाडपाला आणि वर पांढरी माती, ओली करून चोपलेली. हे माळवद. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात. तुमचं घर पाच खणांचं. भिंती दोन-अडीच फूट जाड, खिडक्या नावालाच, उजेडासाठी छतात एक भोक. दुपारी बाहेर वाट भाजत असताना तुम्ही आत अंग टाकता. गारवा असा की पांघरूण शोधावं. तुळईखाली झोपू नका म्हणून म्हातारी दटावते, तुम्ही हसून वाकळ सरकवता. पहिल्या पावसाआधी माळवदावर नवी पांढरी टाकायची असते, नाहीतर गळतं. पुढल्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. जुनी कुणी काढत नाही.

वाकळीवर डोळा लागतो आणि उघडतो तेव्हा थंडी वाजतेय.

साल 1556, जानेवारी. चीनमधलं शान्शी, वेई नदीचं खोरं. इथली माती पिवळी, वाऱ्यानं आणून टाकलेली, इतकी मऊ की कुदळीनं डोंगरात खोली कोरता येते. लाखो लोक अशाच कोरलेल्या घरांत राहतात, याओदोंगमध्ये. फेंग-शुईच्या जाणत्याला आवडावं असं हे घर आहे. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. चौथ्या शतकातल्या ग्वो पू याच्या नावावर जो ग्रंथ सांगितला जातो तो खरं तर पूर्वजांचं दफन कुठं करावं याचा. घरांचे नियम त्याच विचाराच्या वाटेनं वाढले. पाठीशी डोंगर हवा, म्हणजे उत्तरेचा बोचरा वारा अडतो: ते काळं कासव. डावीकडं हिरवा ड्रॅगन, उजवीकडं पांढरा वाघ, या बाजूच्या टेकड्या. समोर मोकळं रान आणि वळणावळणानं वाहणारं पाणी, तिथं लाल पक्षी. आणि दार दक्षिणेला.

तुम्ही दचकता. दक्षिणेला? हो. इथल्या जाणत्याच्या हातातल्या तबकडीची सुईसुद्धा दक्षिण दाखवते असंच मानतात. इथं हिवाळा हाडं गोठवतो, सूर्य वर्षभर दक्षिणेच्या अंगानंच जातो, आणि त्याला घरात घेणं हीच खरी संपत्ती. अर्धापूरचा यम इथं पाहुणचार करतो.

23 जानेवारीला जमीन हलते. पाठीशी डोंगर असलेली, वाऱ्यापासून राखलेली, दक्षिणेला तोंड केलेली ती घरं डोंगरासकट आत बसतात. चिनी नोंदींत मेलेल्यांचा आकडा 8 लाख 30 हजार आहे. माणसांच्या ज्ञात इतिहासात एका भूकंपानं याहून जास्त माणसं घेतल्याची नोंद नाही. कासव, ड्रॅगन, वाघ, पक्षी, चारही जागच्या जागी होते. डोक्यावरच्या मऊ मातीला कुठलाच प्राणी नेमून दिलेला नव्हता.

तिथून तुम्ही किल्लारीला येता. तारीख 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. अर्धापूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, नैऋत्येकडं. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आलेत. तुम्ही पाहुणे आहात. घरात जागा नाही म्हणून अंगणात बाजेवर पडलात. समोरचं माळवद ओळखीचं आहे: तेच खांब, तीच जाड भिंत, पूर्वेचं दार, तुळशी वृंदावन. छत मात्र जाड झालंय. दर वर्षी चढवलेली पांढरी आता कुठं दीड फूट, कुठं अडीच.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी बाजेसकट तुम्ही उचलले जाता. काही सेकंद. उजाडल्यावर कळतं ते असं: भिंत म्हणजे दगडाच्या दोन पाती, मध्ये चिखल आणि बारीक दगड, दोन्ही पातींना जोडणारे लांब दगड कुणी घातलेच नव्हते. हादऱ्यानं पाती बाहेर फुगल्या आणि वरची सगळी माती आत आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेत. भूकंप 6.2 चा, याहून मोठे भूकंप कितीतरी ठिकाणी याहून कमी माणसं घेऊन गेलेत.

ढिगाऱ्यातून फिरा, बघवत नसलं तरी. काही ठिकाणी भिंत पडली, पण तुळयांचा भार नीट लाकडी खांबांवर टेकलेला होता म्हणून छत अडकून राहिलंय. गावाच्या कडेला, कुडाच्या झोपड्यांत राहणारे बरेचसे वाचलेत. त्यांच्या डोक्यावर पडण्याजोगं काही नव्हतं. गावानं ज्यांना पांढरीवर जाड भिंतींचा, गार माळवदाचा मान दिला नाही त्यांच्यावर त्या रात्री तेवढं ओझं नव्हतं. याला न्याय म्हणता येणार नाही. पण तो हिशेब तिथं मांडलेला दिसतो आणि त्याच्याकडं पाठ करता येत नाही.

नवी गावं पुढं दुसऱ्या जागी बसली, सरळ रस्त्यांची, सिमेंटची. दगडाच्या भिंतीजवळ झोपायची लोकांना भीती वाटायची. उन्हाळ्यात मात्र माळवदाची आठवण निघायची.

आता अर्धापूरला परत, आजच्या. नांदेड-नागपूर रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा, इसापूर धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या. बागांच्या मध्येमध्ये चुन्याच्या रेघा आणि नंबराचे दगड: प्लॉटिंग. पूर्वाभिमुख प्लॉटला भाव जास्त. पुढं अरुंद, मागं रुंद तो गोमुखी, घराला चांगला. उलटा तो व्याघ्रमुखी, दुकानाला चालतो. एजंटाला हे तोंडपाठ आहे. पायाखाली काळी आहे हे तो सांगत नाही, आणि तुम्हीही विचारत नाही, कारण आता आरसीसी आहे. आरसीसीलाही काळी सोडत नाही. मुरमापर्यंत पाया गेला नाही तर तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतीत तिरपी चीर दिसायला लागते. मग ती चीर वास्तुदोष ठरते आणि तिच्यासमोर तांब्याचा पिरॅमिड येतो.

नांदेडच्या भेटवस्तूंच्या दुकानात पिरॅमिडशेजारीच हसरा बुद्ध, लकी बांबू आणि तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आहे. हसरा बुद्ध म्हणजे दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्षू. त्याचा वाऱ्यापाण्याशी संबंध नंतर बाजारानं जुळवला. त्याच फळीवर वास्तूचा नकाशा लटकतोय. एकाचं म्हणणं दार दक्षिणेला, दुसऱ्याचं दक्षिणेला अजिबात नको. दोन्ही वस्तू एकाच पिशवीत जातात आणि घरी दोघांचं भांडण होत नाही.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 चा भूकंप झाला, नांदेडकडंही जमीन हलली, आणि लोक घराबाहेर पळाले. त्या दिवशी कुणी दिशा पाहिली नाही, जवळचं दार पाहिलं.

तुमच्या नव्या घराचं काम आता स्लॅबवर आलंय. खाली तुम्ही नकाशा धरून उभे. वास्तुतज्ज्ञानं लाल शाईनं लिहिलंय: जड वस्तू नैऋत्येला, पाण्याची टाकी तिथंच. टाकी हजार लिटरची, म्हणजे भरल्यावर एक टन, झोपायच्या खोलीच्या बरोब्बर वर. मिस्त्री वर सळ्या मोजत बसलाय.

"टाकी नैऋत्येलाच पाह्यजे ना, काका?" तो वरूनच विचारतो. "ठेवू की. पण तिथं खाली कॉलम न्हाई. इंजिनिअर सायबाला आजच फोन लावा, उद्या आम्ही सळई बांधायलोत."