दुधाआधीचा चहा

आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे डबे भरले जात असतात, त्याच सुमारास काश्मीरात पांपूरच्या पठारावर केशर फुलू लागते. फुले खुडून आणावयाची, एकेका फुलातले तीन तांबडे तंतू निवडून काढावयाचे. अशी दीडशेच्या आसपास फुले निवडावी तेव्हा कोठे एक ग्रॅम केशर हाती पडते. या शरद ऋतूला तिकडे ‘हरूद’ म्हणतात. चिनार लाल होतात, हवेत गारठा येतो आणि तांब्याच्या सामावारात, मधल्या नळीतील निखाऱ्यांवर, कहवा उकळू लागतो.

त्याची कृती सोपी आहे. दालचिनीचा तुकडा आणि ठेचलेले वेलदोडे पाण्यात उकळावे, हिरव्या चहाची चिमूट टाकावी, केशराच्या चार काड्या, बेताची साखर आणि वरून बदामाचे काप. दूध मुळीच नाही. कहवा प्यालो तेव्हा मला कोजागरीची आठवण झाली. तेच केशर, तोच वेलदोडा. दूध तेवढे नव्हते!

चहा म्हणजे दुधाचाच, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र निराळे सांगतो. सुरत म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पण त्याच सुरतेत १६३८ साली आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने रोजच्या बैठकीत चहा घेतल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री तेथे आला. पाण्यात गरम मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर आणि पोटदुखीवर गुणकारी मानतात, आणि एरवी तो खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात, असे तो सांगतो. हा चहा चीनमधून जहाजाने येई. आसामात मळे लागण्यास अजून दीडशे वर्षे अवकाश होता.

म्हणजे मसाल्याचा चहा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आधी आला, मळ्यांचा चहा मागाहून. मग तो गेला कोठे? एकोणिसाव्या शतकात मळे वाढले, काळा चहा मुबलक झाला. १९०३ साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. हळूहळू घरोघरी पातेले चढले, त्यात दूध पडले, आणि जुन्या चहाची आठवणही उरली नाही.

काश्मीरात ती उरली, कारण तेथला चहा निराळ्या वाटांनी येत होता. लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात तेथील दोन चहा नोंदले आहेत: एक ‘सब्ज’, लडाखवरून येणारा, दुसरा, लडाख आणि पंजाब या दोन्हीकडून येणारा, त्याचे नाव ‘सुरती’! हिमालयाच्या कुशीत आपल्या किनाऱ्यावरच्या बंदराचे नाव वाचून मला दूरदेशी गावकरी भेटल्यासारखे वाटले. शिवाय १८४९ पासून कांगड्याच्या खोऱ्यात चिनी जातीची रोपे लागली होती. तेथला हिरवा चहा अमृतसरच्या बाजारातून काबूलपर्यंत जाई.

पण वाटा कायमच्या नसतात. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने कांगडा उद्ध्वस्त झाला आणि पुष्कळ इंग्रज मळेवाले निघून गेले. १९४७ साली श्रीनगरहून झेलमच्या काठाने रावळपिंडीला जाणारा रस्ता बंद झाला. १९४९ नंतर लेह ते यारकंद ही वाटही मिटली. केशराची जमीनही आटली: १९९६ च्या सुमारास सुमारे ५,७०० हेक्टर होती, ती पंधरा वर्षांत सुमारे ३,७०० वर आली.

तरीही हरूद आला की सामावार पेटतोच. सुरतेच्या त्या चहाला सवय मोडली आणि तो कागदावर उरला. काश्मीरात वाटा मोडल्या, पण सवय मोडली नाही. एखादी गोष्ट जतन होते ती ग्रंथांपेक्षा स्वयंपाकघरात, असे मला हा इतिहास वाचताना वाटत राहते. येत्या थंडीत वाचकांनी एक दिवस दुधाचे पातेले बाजूला ठेवावे, दालचिनी नि वेलदोडा पाण्यात टाकावा, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळखीला पुन्हा घरात घ्यावे.