एमसीआर चप्पल आणि कुष्ठरोग मिशन

मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्या एका निवृत्त शिक्षिकांना मी एमसीआर चप्पल लिहून दिली होती. महिन्याने त्या आल्या तेव्हा पायात जुन्याच कडक सँडल होत्या. विचारल्यावर आधी टाळाटाळ केली, मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, दुकानदार म्हणाला ही महारोग्यांची चप्पल आहे. मला नाही घालवत."

'महारोग' हा शब्द आता वापरू नये, कुष्ठरोग म्हणावे. पण दुकानदाराचे अगदीच चुकले नव्हते. ही चप्पल खरोखरच कुष्ठरोग्यांसाठी तयार झाली आणि तिचा इतिहास थेट ख्रिस्ती मिशनऱ्यांपर्यंत जातो. त्या दिवशी बाईंना पाच मिनिटांत जे सांगितले, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

१८६९ साली वेलस्ली बेली नावाचा एक आयरिश तरुण अंबाल्याच्या मिशन शाळेत शिक्षक होता. तिथल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने त्याला कुष्ठरोग्यांच्या झोपड्या दाखवल्या. त्या काळी या आजारावर औषध नव्हते, जंतूसुद्धा माहीत नव्हता. तो नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये दाखवला. बेलीने मायदेशी परतून मदत मागितली आणि १८७४ मध्ये डब्लिनला 'मिशन टू लेपर्स' ही संस्था सुरू झाली. आज ती लेप्रसी मिशन म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे अचलपूरजवळच्या कोठाऱ्याला तिचे रुग्णालय आहे.

या मंडळींचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. त्यांना येशूचा संदेश पोहोचवायचा होता. शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो असा प्रसंग आहे, आणि ज्याला कोणी शिवत नाही त्याला शिवणे हाच त्यांच्या दृष्टीने संदेश होता. आश्रमात छप्पर, अन्न, जखमांना पट्ट्या आणि त्याबरोबर प्रार्थना, असे ते एकत्रच असे.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि डॉक्टर म्हणून मला तो टाळता येत नाही. घरच्यांनी हाकललेला, दुसरीकडे जायला जागा नसलेला माणूस जेव्हा आश्रमात धर्म बदलतो, तेव्हा त्याची संमती किती मोकळी असते? शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर सही घेतानाही आम्हाला हीच काळजी घ्यावी लागते. रुग्ण आपल्यावर अवलंबून असतो, त्यामुळे त्याच्या 'हो'ला वेगळे वजन असते. गांधीजींनी ही टीका स्पष्ट शब्दांत केली होती. सेवा करा, पण धर्मांतराच्या हेतूने नको, असे त्यांचे म्हणणे होते. आणि टीका फक्त बाहेरूनच झाली असे नाही. अमेरिकन प्रॉटेस्टंट चर्चच्या सामान्य सभासदांनी हार्वर्डचे प्राध्यापक हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली होती. तिच्या १९३२ च्या अहवालाने सांगितले की ज्या वॉर्डातून रुग्णाला उठून जाता येत नाही तिथे प्रवचन करणे ही एक प्रकारची सक्तीच आहे. त्यावर मिशनच्या वर्तुळात मोठा वाद झाला.

मात्र याच गांधीजींनी 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत हेही नमूद केले की देशात कुष्ठरोग्यांची सेवा जवळजवळ सगळी मिशनरीच करतात. भारतीयाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून त्यांना एकच नाव देता आले, ते वर्ध्याजवळ काम करणाऱ्या मनोहर दिवाणांचे. दिवाणांनी दत्तपूरचे काम १९३६ मध्ये सुरू केले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याला बाबा आमटे त्यानंतरचे.

आता चपलेकडे येऊ.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. लंडनला सर्जन होऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रन यांनी त्यांना चिंगलपेटचा कुष्ठरोग आश्रम दाखवायला नेले. तिथे वाकड्या बोटांच्या एका रुग्णाचा हात ब्रँड यांनी हातात घेतला, तर पकड इतकी घट्ट की त्यांनाच कळ आली. हात लुळा नव्हता. काही स्नायू गेले होते, काही उत्तम होते. मग चांगल्या स्नायूचे टोक दुसरीकडे जोडून बोटे सरळ करता येतील, हा विचार तिथे सुरू झाला. पुढे वेल्लोरला अशा अनेक हातांवर शस्त्रक्रिया झाल्या.

पण त्यांचा मोठा शोध मला दुसराच वाटतो. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असे तेव्हा डॉक्टरही मानत. एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका लहान रुग्णाने किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त येत होते, कातडी हाडापर्यंत फाटली होती आणि मुलाला पत्ताच नव्हता! काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी होत. पहारा ठेवला तेव्हा दिसले की उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला जाग येत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली.

म्हणजे मांस सडत नव्हते. जंतू नसा मारत होता, वेदना जात होती आणि उरलेले काम भाजणे, कापणे आणि दाब करत होते. त्वचेजवळच्या थंड भागांतल्या नसा, जसे कोपर आणि घोटा, त्याला जास्त आवडतात. तळपायाचे तसेच. आपल्याला दगड टोचला की आपण नकळत वजन दुसऱ्या पायावर टाकतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथे फोड असतो. म्हणून वेल्लोर आणि करिगिरीच्या मंडळींनी चप्पल शोधायला सुरुवात केली. लाकूड झाले, मेण झाले, नाना प्रयोग झाले. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच एमसीआर, त्यातून पुढे आले. अंगठ्याने दाबले की दबते, सोडले की वर येते आणि वजन सगळ्या तळव्यावर पसरते.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे लक्षात आले की मधुमेह्यांच्या पायाची गोष्ट हीच आहे. कारण वेगळे, साखरेने नसा खराब होतात, पण परिणाम तोच. जखमेवर प्लास्टर घालून दाब काढणे, मऊ इन्सोल, रोज पाय तपासणे हे सगळे कुष्ठरोगाच्या कामातून मधुमेहाकडे आले.

ब्रँड अखेरपर्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती राहिले आणि ते लपवतही नसत. त्यांनी एक आठवण सांगितली आहे. एका रुग्णाला उपचार समजावताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो रडू लागला. आपले काही चुकले का, असे त्यांनी विचारले. कळले ते असे, की कित्येक वर्षांत त्याला कोणी हातच लावला नव्हता. त्या हातामागे धर्मप्रसार होता की वैद्यकी, हे मला वेगळे काढता येत नाही. वॉर्डातल्या सक्तीच्या प्रवचनाला मात्र माझा आजही विरोधच असेल.

कुष्ठरोग आज बहुविध औषधांनी ६ ते १२ महिन्यांत बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बहुतेकांना मुळात नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे हात लावल्याने तो होत नाही. तरी जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्या देशात सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा दिसला तर दाखवून घ्या.

आणि मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहा, वाकवत नसेल तर आरसा धरा. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवा. एमसीआर घेताना मागे पट्टा असलेली घ्या, बधिर पायातून साधी चप्पल निसटलेली कळत नाही.

शिक्षिकाबाईंना चांभाराकडे पाठवले. त्याने एमसीआरच्या तळाला वरून तपकिरी चामड्याचे पट्टे लावून दिले. आता ती चप्पल कोणाची, हे कोणाला ओळखू येत नाही. त्या रोज घालतात.