मूल बोलते होते ते घरातच

नागपूर हे बहुभाषक शहर आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ते जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. त्यामुळे मराठी आणि हिंदी येथे पूर्वीपासून शेजारी नांदत आल्या आहेत. घरात वैदर्भी वळणाची मराठी, बाजारात हिंदी आणि बालवाडीत इंग्रजी अशा तीन भाषा येथील अनेक मुलांच्या कानांवर चौथ्या वाढदिवसाच्या आतच पडतात. साहजिकच मूल उशिरा बोलू लागले की पहिला संशय या भाषांवर घेतला जातो. मग घरातील मराठी बंद करून मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे सुरू होते.

हा उपाय चुकीचा आहे. अनेक भाषा ऐकल्याने मुलात वाचादोष निर्माण होत नाही, यावर आज तज्ज्ञांचे एकमत आहे. एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हा भाषा शिकण्याचाच भाग असतो. मुलाला किती शब्द येतात हे पाहताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. आईवडील आणि आजी-आजोबा ज्या भाषेत सहज, भरभरून बोलू शकतात, तीच भाषा मुलासाठी उत्तम ठरते.

वयानुसार टप्पे

सर्वसाधारणपणे दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहाव्या महिन्यानंतर 'बाबाबा', 'दादादा' असे ध्वनी सुरू होतात. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांचे मूल 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची वाक्ये जुळवते. थोडाफार फरक मुलामुलांत असतोच. मात्र शब्दांइतकेच समजणेही महत्त्वाचे आहे. हाक मारल्यावर वळून पाहणे, बोट दाखवणे, साधी सूचना पाळणे याकडे पालकांनी लक्ष द्यावे.

घरी काय करावे?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. आंघोळ घालताना, पोळ्या लाटताना, भाजी निवडताना जे चालले आहे ते मुलाला सांगत राहावे. संत्रे सोलताना साल, फोड, बी, आंबट, गोड हे शब्द हाताला आणि जिभेला जाणवतात, म्हणून ते लवकर रुजतात. मुलाची नजर जिथे आहे त्या वस्तूविषयी बोलावे.

मुलाच्या बोलण्यात थोडी भर घालून ते त्याला परत द्यावे. मूल 'भूभू' म्हणाले तर 'हो, काळा भूभू पळाला' असे म्हणावे. 'काठी'ऐवजी 'ताती' म्हटल्यास हसू नये, पुन्हा म्हणायलाही लावू नये, 'काठी हवी? ही घे काठी' असा योग्य उच्चार सहज कानावर घालावा. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी पाच-दहा सेकंद थांबावे. मुलाच्या वतीने दुसऱ्यांनीच उत्तर देण्याची सवय अनेक घरांत असते, ती सोडावी. बडबडगीते, चित्रांची पुस्तके आणि तीच ती गोष्ट पुन्हा सांगणे यांचा मोठा उपयोग होतो.

काय टाळावे?

मोबाइल दाखवून भरवण्याची पद्धत घातक आहे. पडदा बोलतो, पण मुलाच्या हुंकाराला प्रतिसाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार या वयात ही वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावी.

वाचा लवकर फुटावी म्हणून मधातून वेखंड चाटवण्याची प्रथा आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध दिल्यास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे मध मुळीच देऊ नये. दोन ते पाच या वयात काही मुले अडखळतात, तेव्हा 'नीट बोल' असे दटावू नये. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास वाचातज्ज्ञांना दाखवावे.

वाट पाहू नये

'याचे वडीलही उशिराच बोलले' या समजुतीत मोलाचा काळ निघून जातो. वर्षापर्यंत बडबड किंवा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे किंवा येत असलेले शब्द हरवणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. सर्वप्रथम श्रवणचाचणी करावी. दार वाजले की मूल वळते, एवढ्यावरून ऐकू येते असे मानू नये, कारण अंशतः श्रवणदोष असलेले मूलही मोठ्या आवाजाला दचकते. बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांना सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा संकेत आहे.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथील कान-नाक-घसा विभागांत प्रथम दाखवता येईल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब या दोन्हींचा समावेश आहे. त्यानुसार अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी अपेक्षित असते. वाचातज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी.

उपचार सुरू झाले तरी आठवड्यातून एक-दोन तासच तज्ज्ञांसमवेत जातात. उरलेला सारा वेळ मूल घरच्यांबरोबर असते. तज्ज्ञांनी सांगितलेला सराव घरी, घरच्याच भाषेत रोज झाला, तरच त्याचा लाभ मिळतो.