फाँट निवडीची संवादचौकट आणि संगणकीय मराठी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिताना सेरामपूरचे खिळे, गणपत कृष्णाजींचा छापखाना, जावजी दादाजींचा निर्णयसागर यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. त्या मानाने संगणकाच्या पडद्यावर फाँट निवडण्यासाठी जी लहानशी संवादचौकट उघडते, तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत ही चौकट अक्षराचे केवळ वळण ठरविते. मराठीच्या बाबतीत मात्र ती बराच काळ मजकुराचा अर्थच ठरवीत होती. ही परिस्थिती कशी निर्माण झाली आणि ती कशामुळे पालटली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चौकटीची अंतर्गत रचना :
१९९२ मध्ये विंडोज ३.१ बाजारात आले. तत्पूर्वी प्रत्येक आज्ञावलीकाराला फाँटची यादी, आकार, ठळकपणा यांची मांडणी स्वतःच करावी लागे. विंडोज ३.१ ने ही चौकट तयार स्वरूपात उपलब्ध करून दिली. आज्ञावलीकाराने एक नोंदपत्र भरून प्रणालीच्या स्वाधीन करावयाचे. प्रणाली संगणकावरील फाँटची मोजदाद करून यादी दाखविते आणि वापरकर्त्याने केलेली निवड त्याच नोंदपत्रात भरून परत करते. या नोंदपत्रात फाँटच्या नावासाठी ३२ जागा असतात, त्यांपैकी शेवटची समाप्तिचिन्हासाठी राखीव. त्याशिवाय उंची, ठळकपणा, तिरपेपणा आणि ‘वर्णसंच’ यांचे रकाने असतात.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा रकाना हा शेवटचाच होय. ग्रीक, तुर्की, अरबी, हिब्रू, थाई यांच्यासाठी त्यात स्वतंत्र संकेत निश्चित झाले. देवनागरीसाठी तसा संकेत नव्हता, आणि पुढेही तो आला नाही. परिणामी देवनागरी फाँट तयार करणाऱ्यांनी आपले फाँट ‘पाश्चात्त्य’ म्हणून नोंदविले आणि रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चिन्हे बसविली. एका फाँटमध्ये २५६ जागा, त्यातही आरंभीच्या ३२ नियंत्रणचिन्हांसाठी गुंतलेल्या. उरलेल्या जागांत स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, मात्रा, रफार आणि निवडक जोडाक्षरे कोंबावी लागत. खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांनी जी खटपट केली होती, तीच अडचण येथे निराळ्या वेशात पुन्हा उभी राहिली. फरक इतकाच, की खिळ्यांच्या घरांची रचना छापखान्यापुरती असे. येथे ती प्रत्येक फायलीत उतरत होती.

नमुना आणि मजकूर :
विंडोजच्या चौकटीत निवडलेल्या फाँटचा नमुना म्हणून काही रोमन अक्षरे दाखविली जात. देवनागरी फाँट निवडताच त्या जागी निरर्थक मात्रा, काने आणि अर्धी व्यंजने उमटत. वापरकर्ता त्यावरूनच ‘हा मराठी फाँट’ असे ओळखत असे. या हास्यास्पद वाटणाऱ्या नमुन्यात मूळ दोष उघड दिसत होता. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच होता. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटमध्ये रोमन ‘डी’च्या जागी ‘क’ आणि ‘के’च्या जागी काना असल्यामुळे ‘काका’ हा शब्द फायलीत ‘डीकेडीके’ असा साठविला जाई. त्यावर एरियल फाँट लावला की काका नाहीसे होऊन चार रोमन अक्षरे उरत. प्रत्येक निर्मात्याची चिन्हरचना वेगळी असल्याने एका मराठी फाँटमधील मजकूर दुसऱ्या मराठी फाँटमध्येही वाचता येत नसे.

बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांच्या गावी प्रश्नपत्रिका, अहवाल, प्रबंध ज्या डीटीपी केंद्रांत तयार होत, तेथे ‘तुमच्याकडे कोणता फाँट आहे?’ हा प्रश्न म्हणूनच पहिला असे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे ही कामे तर अशा मजकुरात जवळजवळ अशक्यच होती.

पर्यायी वाट :
याला पर्याय नव्हता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. साठवणूक वर्णांची करावी आणि जोडाक्षर पडद्यावर घडवावे, हे त्यामागील तत्त्व होते. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले. तथापि विंडोजची चौकट हे तत्त्व जाणत नव्हती, आणि बाजारपेठेने चौकटीला जे समजते तेच स्वीकारले. मानक तयार असूनही ते मागे पडले, याचे कारण भाषाप्रेमाच्या अभावात शोधण्यापेक्षा या रकान्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१९९१ च्या युनिकोडने देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्याच आधारे केली. परंतु अक्षरे घडविणारी यंत्रणा प्रणालीत येण्यास २००० साल उजाडले. विंडोज २००० सोबत आलेल्या ‘मंगल’ या फाँटचे संकल्पन मुंबईचे सुलेखनकार व अध्यापक र. कृ. जोशी यांचे होते. मुक्त प्रणालींतही असाच बदल घडला. जीटीके या साधनसंचाच्या पहिल्या पिढीतील फाँट-चौकट एक्स विंडो पद्धतीच्या १४ घटकांच्या लांबलचक नावांवर चालत असे. २००२ च्या दुसऱ्या पिढीत पँगो ही मांडणीयंत्रणा आली आणि चौकट कुटुंब, शैली व आकार एवढेच विचारू लागली. मराठीसाठी कोणती अक्षरे आवश्यक आहेत याची स्वतंत्र यादी फाँटकॉन्फिगमध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे ‘मराठी लिहू शकणारे फाँट’ असा प्रश्न आज्ञावलीला प्रथमच विचारता येऊ लागला.

उरलेला प्रश्न :
लिपीचा प्रश्न सुटला तरी भाषेचा पूर्णपणे सुटलेला नाही. क्यूटी या साधनसंचाच्या चौकटीत लेखनपद्धती निवडण्याची सोय आहे. पण तेथे ‘देवनागरी’ ही एकच नोंद हिंदी, मराठी, नेपाळी व संस्कृत या सर्वांसाठी आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठी वाचकाला अर्थाचा भेद वाटतो. एखाद्या फाँटने तो नीट दाखविला नाही तर समुद्राचे खोरे होते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात निश्चित केली. ओपनटाइप फाँटमध्ये मराठीचा स्वतंत्र भाषासंकेत असून त्याद्वारे ही वळणे देता येतात. मात्र निवडीच्या चौकटीतील नमुन्यात ‘दऱ्या’, ‘ल’, ‘श’ दिसतीलच याची हमी नसते, आणि फाँट निवडून पाने लावल्यावरच चूक ध्यानात येते.

जुन्या फायलींची गोष्ट आणखी निराळी आहे. महाविद्यालयांच्या कपाटांतील फ्लॉपी व सीडींवरील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकेे उपलब्ध आहेत, पण त्यांना मूळ फाँट कोणता हे सांगावे लागते. ती माहिती बहुधा फायलीत साठलेल्या त्या ३१ अक्षरांच्या नावातच असते. अशी फाईल उघडून कोणी सर्व मजकूर निवडला, त्याला सरसकट मंगल लावला आणि जतन केला, तर रोमन अक्षरे तशीच राहतात. ती कोणत्या चिन्हरचनेत वाचावयाची, हे सांगणारे नाव मात्र पुसले जाते.