कोरडा बटवा : आसव, अर्क आणि टिंक्चर यांचा घरगुती इतिहास

मराठी घरातील औषधांची चर्चा निघाली की ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. या बटव्यात सुंठ, वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, डिकेमाली अशा वस्तू असतात. त्या सहाणेवर उगाळाव्यात, मधात किंवा दुधात चाटवाव्यात, फार तर त्यांचा काढा करावा, अशी ही चिकित्सा. बटवा कोरडा असतो. पिशवीत द्रव मावत नाही, हे उघड आहे. पण घरगुती वैद्यकाचे प्रतीक म्हणून बरणी किंवा कुपी न येता पिशवीच का यावी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वनस्पतींचे सत्त्व मद्यांशात उतरवून टिकवण्याची विद्या भारतात अतिप्राचीन आहे. असे असता ती घराच्या स्मृतीतून निसटली कशी? बटव्याचा कोरडेपणा सनातन नसून तो भाषा, बाजार आणि कायदा यांच्या परस्परसंबंधांतून घडला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांची गणना आली आहे. धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा आणि शर्करा अशा नऊ ‘योनी’ म्हणजे उगमस्थाने सांगून त्यांपासून ८४ आसवे होतात, असे तेथे म्हटले आहे. त्यांत फळांची २६, साराची २०, मुळांची ११, पुष्पांची १० अशी वाटणी आहे. पुष्पासवांच्या यादीत धातकी म्हणजे आपली धायटी आणि मधूक म्हणजे मोह, ही दोन्ही फुले आहेत. सह्याद्रीच्या रानातील या दोन फुलांची पुढील वाटचाल परस्परांहून फार वेगळी झाली. तिचा उल्लेख पुढे येईल. येथे एवढेच लक्षात घ्यावे की संस्कृत काव्यात ‘आसव’ म्हणजे मद्य आणि वैद्यकात ‘आसव’ म्हणजे औषध, असे दोन वेगळे शब्द परंपरेने केले नाहीत. शब्द एकच होता. अर्थ ठरत होता तो मात्रेवरून आणि प्रयोजनावरून.

तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेने या विद्येला नेमके व्याकरण दिले. न उकळलेल्या औषधींपासून होते ते आसव आणि काढ्यापासून सिद्ध होते ते अरिष्ट, हा भेद तिने स्पष्ट केला. प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप घ्यावा, असा सर्वसाधारण नियमही घालून दिला. तुपाने माखलेल्या मातीच्या घड्यात हे मिश्रण भरायचे, तोंड कापडमातीने सांधायचे आणि घडा धान्याच्या राशीत किंवा जमिनीत काही आठवडे ठेवून द्यायचा. धायटीच्या फुलांच्या साहाय्याने गुळातील साखर हळूहळू आंबते, मद्यांश आतूनच उत्पन्न होतो आणि औषधीतील द्रव्ये त्यात उतरतात. या कृतीतील घडा, तूप, गूळ, धान्याची रास यांपैकी कोणतीही वस्तू शेतकऱ्याच्या घराबाहेरची नाही. साधनांच्या दृष्टीने पाहता आसव हे घरात होण्याजोगे औषध होते.

मग कर्ता कोण? या प्रश्नाचे उत्तर कृतीच्या भाषेत शोधावे लागते. संस्कृत ग्रंथांतील क्रियापदे विध्यर्थी आहेत. मराठीतील ‘घ्यावे, कुटावे, गाळावे’ ही रूपे तोच मार्ग चालवतात. यात कर्ता अध्याहृत असतो. तो वैद्य असेल, वैद्याचा शिष्य असेल किंवा घरातील स्त्री असेल. युरोपीय परंपरेत चित्र वेगळे दिसते. लॅटिनमधील ‘रेसिपी’ हे मुळात आज्ञार्थी क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘घे’. वैद्य औषध तयार करणाऱ्याला उद्देशून ते लिहीत असे. ही आज्ञा लॅटिनमध्ये होती तोवर तिचा श्रोता ठरलेला होता. ती देशभाषेत आली तेव्हा श्रोता बदलला.

हा बदल इंग्लंडमध्ये ठसठशीतपणे दिसतो. लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ साली आपली औषधसंहिता लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली होती. निकोलस कल्पेपर याने १६४९ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि १६५२ मध्ये इंग्लंडात उगवणाऱ्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी केंटची काउंटेस एलिझाबेथ ग्रे हिच्या नावाने औषधकृतींचा संग्रह तिच्या मृत्यूनंतर छापला गेला. सरदार घराण्यांतील स्त्रिया घरातच भट्टी लावून फुलापानांचे अर्क काढीत. या घरगुती व्यवहाराला आता छापील भाषेचा आधार मिळाला. ‘टिंक्चर’ या शब्दाचा प्रवासही याच काळाशी निगडित आहे. ‘रंगवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. वनस्पती मद्यार्कात भिजत ठेवली की द्रवाला तिचा रंग चढतो, म्हणून हे नाव. आसवात मद्य आतून निर्माण होते. टिंक्चरमध्ये ते आधीच ऊर्ध्वपातनाने काढलेले, बाहेरून आणलेले असते. हा भेद तांत्रिक वाटला तरी पुढे तोच निर्णायक ठरला.

या दोहोंच्या मधला शब्द ‘अर्क’. औषधाच्या संदर्भात तो अरबीतील ‘घाम’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो; भांड्याला सुटलेला घाम म्हणजे अर्क. युनानी वैद्यकाबरोबर तो भारतात रुळला. रावणाच्या नावावर असलेला ‘अर्कप्रकाश’ हा उत्तरकालीन संस्कृत ग्रंथ तर संपूर्णपणे अर्कांनाच वाहिलेला आहे. परकी तंत्र, संस्कृत शब्दकळा आणि लंकापतीचे कर्तृत्व असा हा संगम तौलनिक अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. संस्कृतमध्ये ‘अर्क’ म्हणजे सूर्य आणि रुईही. उपऱ्या शब्दाला अशी तयार कुळी लाभल्याने त्याचे परकेपण जाणवेनासे झाले.

औषधविद्येची भाषा बदलताना तिचा वाचकही बदलतो, याची दोन उदाहरणे भारतातच सापडतात. गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेला भारतीय औषधींवरील ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता पोर्तुगीजमध्ये, तोही संवादरूपाने लिहिला. त्यात विद्वानांबरोबर घरातील दासी आणि मालूपा नावाचा हिंदू वैद्यही बोलतात. १५६७ मध्ये क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप केला. तो युरोपभर गेला, पण त्यात संवाद उरला नाही. घर गेले आणि द्रव्यांची यादी राहिली. दुसरे उदाहरण तंजावरचे. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत आणि तेथील अनुभव तमिळ पद्यांत ग्रथित केले गेले. मराठी राजाच्या आश्रयाने सिद्ध झालेली ही विद्या प्रजेच्या भाषेत बांधली गेली, ही घटना मराठी साहित्याच्या इतिहासातही नोंदली जायला हवी.

एकोणिसाव्या शतकात टिंक्चर भारतात आले ते दवाखान्याच्या मार्गाने. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये भांगेच्या राळेचे टिंक्चर करून त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. घराघरांत घोटली जाणारी वस्तू येथे मोजक्या थेंबांत उतरली. त्याच शहरात १८९२ पासून प्रफुल्लचंद्र रे यांनी अपर सर्क्युलर रोडवरील आपल्या राहत्या घरात अडुळशाचे सरबत, ओव्याचे पाणी अशी औषधे तयार करण्यास आरंभ केला. १९०१ मध्ये त्या उद्योगाची कंपनी झाली. घर हे औषधाचे उत्पत्तिस्थान होते, याचे हे जणू शेवटचे ठळक उदाहरण; आणि त्याची परिणती कारखान्यात व्हावी, हे अर्थपूर्ण आहे.

मुंबई इलाख्यात या प्रक्रियेला कायद्याची जोड मिळाली. १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती परवान्याखाली आणली. १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. चरकाच्या यादीत शेजारी असणाऱ्या दोन फुलांपैकी मोह अशा रीतीने संशयित ठरला. धायटी औषधी बाजारात राहिली. या कायद्यांचा रोख दारूवर आणि महसुलावर होता, आसवांवर नव्हे, हे खरे. तथापि ज्या घरात आंबवण्याची कृतीच संशयास्पद ठरते, तेथे आंबवलेले औषध निःशंकपणे करता येत नाही. मद्याविषयीचा उच्चवर्णीय संकोच त्यापूर्वीचाच होता. कायद्याने त्याला बळ दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न न्यायालयापुढे आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील औषधी व प्रसाधनी मद्यार्कयुक्त द्रव्यांना लागू होणारी काही बंधने सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात अवैध ठरवली. आरोपीच्या तोंडाला येणारा वास दारूचा की औषधाचा, हा वादही १९५४ मध्ये त्याच न्यायालयापर्यंत पोहोचला. १९५५ च्या औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील उत्पादनशुल्क कायद्याने आतून निर्माण होणाऱ्या मद्यांशाची आयुर्वेदीय औषधे आणि बाहेरून मद्यार्क घातलेली औषधे यांत करासाठी भेद केला. शार्ङ्गधर आणि टिंक्चर यांतील अंतर असे करवर्गात रूपांतरित झाले. वस्तू व सेवा करव्यवस्थेबरोबर २०१७ मध्ये तो कायदा रद्द झाला. औषधे व प्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचा समावेश झाला तेव्हा विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्याला परवाना लागू झाला आणि स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला सूट मिळाली. कारखानदार आणि वैद्य असे दोन कर्ते कायद्याने ओळखले. विध्यर्थी वाक्यातील अध्याहृत तिसऱ्या कर्तीला, घरातील स्त्रीला, येथे नाव मिळाले नाही.

अर्थात दोष एकट्या कायद्याला देता येणार नाही. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्यासारख्यांनी वनस्पतींचे ज्ञान मराठीत आणले, त्याच काळात पनवेल, मुंबई, कोट्टक्कल, ढाका येथे आयुर्वेदीय औषधांचे कारखाने उभे राहिले. कल्पेपरच्या इंग्लंडात देशभाषेने घराला कृती दिली होती. आपल्याकडे देशभाषेतील छपाई आणि कारखान्याची बाटली जवळजवळ एकदमच आली. मराठी वाचक औषधाचे नाव वाचू लागला, तोच ते विकतही मिळू लागले. बाळंतिणीला दशमूलारिष्ट आजही दिले जाते, परंतु ते दुकानातून येते. ‘टिंक्चर’ हा शब्दही मराठी घरात शिरला, तो मात्र आयोडीनला चिकटून. जखमेवर लावायचे, पोटात न घ्यायचे असे ते द्रव्य. वनस्पतीशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा बटवा कोरडा आहे तो आजीला द्रव औषधे ठाऊक नव्हती म्हणून, असे समजण्याचे कारण नाही. घड्यात मुरणारे औषध कारखान्याकडे गेले, भट्टीतून उतरणारे अबकारीकडे गेले. आणि ज्याला परवाना लागत नाही, जे आंबत नाही, ज्याला वास येत नाही, तेवढेच पिशवीत शिल्लक राहिले. आपण ज्याला परंपरेचा साठा म्हणतो, तो पुष्कळदा परंपरेतून उरलेला भाग असतो. लोकवैद्यकाच्या संहितांचे संकलन करताना ‘घ्यावे’, ‘मुरवावे’, ‘गाळावे’ या क्रियापदांमागील कर्ता कोणत्या काळी कोण होता, हे विचारल्याशिवाय त्या संहितांचा अर्थ पुरता लागणार नाही.